मदत हवी आहे: कोपरासाठी पोटाचा फ्लॅप की पाठीचा?

लहान भाऊ, वय 27, वर्धा रोडवर गाडी घसरली न उजव्या कोपरामागची तळहाताएवढी कातडी जाऊन हाड उघडं पडलं. फ्रॅक्चर नाही, शुगर नाही, खर्रा (तंबाखू-सुपारी) मात्र सुटत नाही (ओरडू नका, आम्ही ओरडूनच राहिलो). दोनदा जखम साफ केली, व्हॅक्यूम ड्रेसिंग झालं. उघड्या हाडावर नुसतं स्किन ग्राफ्ट (दुसरीकडून काढून लावलेली पातळ कातडी) धरत नाही म्हणून फ्लॅपच (स्वतःच्या रक्तपुरवठ्यासकट आणलेली कातडी नाहीतर स्नायू) करावा लागते म्हणे. एक डॉक्टर म्हणतात पोटाचा, म्हणजे तीनेक आठवडे हात पोटाला शिवलेला, कोपर आखडायची भीती. दुसरे म्हणतात पाठीचा लॅटिसिमस स्नायू फिरवून आणू, एकाच ऑपरेशनात, पण फ्लॅपच्या टोकाला रक्त कमी पडू शकते. हमालीचं काम आहे त्याचं, नागपूरबाहेर नेणं जमणार नाही. ज्यांचा पाठीचा फ्लॅप झाला त्यांनी सांगा, नंतर ओझं उचलता येते का, न कोपर किती दिवसांनी हलवायला लावलं?