मदत हवी आहे: हायब्रिड एसयूव्हीचा बेळगाव भागात खरा ॲव्हरेज किती धरायचा?

उद्यमबागवाला

नमस्कार मंडळी. गेल्या पाडव्याला आम्ही स्ट्राँग हायब्रिड एसयूव्ही घेतली, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला इलेक्ट्रिक मोटर आणि ब्रेक मारताना, उतारावर बॅटरी भरून घेणारी. दीड लिटरचं तीन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, मागं छोटी बॅटरी, ४५ लिटरची टाकी. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, कारण गाडीबद्दल तक्रार नाही. गाडी चालवायला सुरेख आहे. मला फक्त आकड्यांचा उलगडा हवाय.

कागदावर ॲव्हरेज २७ च्या वर. एवढा मिळणार नाही हे घेतानाच माहीत होतं, पण २३-२४ तरी पडेल असा माझा हिशोब होता. आधीची डिझेल गाडी अकरा वर्षं वापरली, ती १४-१५ द्यायची. हायब्रिडला लाखभर जादा जातात, हप्ता वाढतो, पण तो पेट्रोलमधून निघेल असं घरी मीच सगळ्यांना पटवलं होतं.

आमच्या बाबांची एक वही आहे. चेतक स्कूटर होती तेव्हापासून ते प्रत्येक वेळी तारीख, किलोमीटर, लिटर आणि पंप लिहून ठेवतात. नव्या गाडीच्या शेवटच्या चार टाक्या वहीत अशा आहेत:

शहरातच, ४६८ किमी, २४.६ लिटर.
कोल्हापूरच्या दोन फेऱ्या आणि बाकी शहर, ६४० किमी, ३४.२ लिटर.
चोर्ला घाटातून गोव्यात म्हापसा जाऊन-येऊन आणि बाकी शहर, ४१० किमी, २०.१ लिटर.
परत शहर, जुलैच्या पावसात, ३९५ किमी, २२.३ लिटर.

सगळे मिळून १९१३ किमी आणि १०१.२ लिटर, म्हणजे १८.९. गाडीची स्क्रीन मात्र याच काळाचा २०.४ दाखवते. बाबा काही बोलत नाहीत, नुसती वही पुढं सरकवतात. मला ते जास्त लागतं.

रोजचं फिरणं सांगतो. घर शहापुरात. सकाळी मुलीला टिळकवाडीत शाळेला सोडून परत घरी, मग नाश्ता करून उद्यमबागला वर्कशॉपवर. आठवड्यातून एकदा जॉबचा माल घेऊन कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावला. हायवेला ९५-१००. पेट्रोल जिथं सापडेल तिथं भरतो, फक्त कोल्हापूरला जाताना कागलच्या अलीकडंच, कारण आपल्या कर्नाटकच्या बाजूला थोडं स्वस्त पडतं.

एवढा ॲव्हरेज या भागात नॉर्मल आहे का? मोजण्यात काही चुकतंय का? आणि सर्वात विचित्र वाटतं ते हे, की घाट चढून आलेल्या टाकीलाच सगळ्यात चांगला आकडा कसा?

सदलगेकर

साहेब, आधी हवा बघा. गाडी रात्रभर उभी असताना, सकाळी बाहेर काढायच्या आत. ड्रायव्हरचं दार उघडल्यावर खांबावर स्टिकर असतो, त्यावरचा आकडा धरा. पंपावरचा पोरगा अंदाजानं भरतो त्यावर जाऊ नका.

जांबोटी रोड

चोर्ल्याबद्दल मी लिहितो, महिन्यातून तीनदा तरी माझं जाणं असतं.

बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर आहे. कणकुंबी ओलांडून घाट उतरला की केरीपाशी आपण जवळजवळ समुद्रपातळीला. माणसं धरून गाडीचं वजन दीड टन समजा. एवढं वजन साडेसातशे मीटर खाली येतं तेव्हा जी ऊर्जा सुटते ती विजेच्या भाषेत तीन युनिट होते. तुमच्या गाडीची बॅटरी पाऊण युनिटच्या आसपास, आणि सिस्टीम तीही पूर्ण रिकामी किंवा पूर्ण भरू देत नाही. म्हणजे घाटाच्या पहिल्या काही वळणांतच बॅटरी भरते. पुढचा सगळा उतार इंजिन ब्रेकिंगमध्ये आणि ब्रेकमध्ये जातो, साठत नाही. बॅटरीची पट्टी वरपर्यंत गेली की इंजिनाचा आवाज वाढतो, बघा. पेट्रोल जळत नसतं, इंजिन नुसतं गाडी अडवून धरत असतं. गिअर लिव्हरवर ‘B’ हे अक्षर असेल तर तेव्हा त्यावर टाका, ब्रेक तापणार नाहीत.

येताना उलटं. ती उंची परत चढायला साधारण एक लिटर पेट्रोल जादा जातं आणि बॅटरीची मदत पहिल्या दोन-तीन किलोमीटरातच संपते. मग तुमचा आकडा चांगला का आला? कारण जांबोटीच्या जंगलातला तो रस्ता वळणांचा आहे, ताशी ५०-६० च्या वर कुणी जात नाही. हायब्रिडला हाच वेग मानवतो. घाटानं तुमचं जेवढं नेलं त्याहून जास्त संथ रस्त्यानं परत दिलं.

कोल्हापूरलाही हेच आहे, फक्त जाणवत नाही. कोल्हापूर आपल्यापेक्षा दोनशे मीटर खाली आहे. वंटमुरीचा घाट उतरला की गाडी आपोआप पळते आणि येताना तोच चढ छातीवर. त्यामुळं फक्त जातानाचा आकडा बघून कधी खूश होऊ नका. जाऊन-येऊन एकत्रच धरायचं.

गडहिंग्लजची ताई

दादा, माझी पण हायब्रिडच आहे, दुसऱ्या कंपनीची. दोन वर्षं झाली. संकेश्वरवरून बेळगावला दवाखान्यासाठी सासूबाईंना घेऊन यावं लागतं.

तुमचं शहराचं १९ कमी आहे, आणि मला वाटतं कारण तुम्हीच लिहिलंय. शाळा, परत घर, नाश्ता, मग वर्कशॉप. हे सगळे तीन-चार किलोमीटरचे तुकडे. गार गाडी सुरू केली की इंजिन आणि सायलेन्सरमधला धूर साफ करणारा कॅटॅलिस्ट तापेपर्यंत इंजिन चालूच राहतं, बॅटरी भरलेली असली तरी. तापून कुठं ते बंद व्हायला लागतं तोवर तुम्ही पोचलेले असता. असं दिवसातून चार वेळा. हायब्रिडचा सगळा फायदा तापलेल्या इंजिनावर आहे. जमलं तर शाळेतून थेट वर्कशॉपला जा.

दुसरं म्हणजे वेग. ८० वरून १०० केला की हवेचा अडथळा दीडपटीहून जास्त होतो. डब्यासारख्या उंच गाडीला तर ते फारच भोवतं. हायवेला सतत १०० धरलं की ब्रेकच लागत नाही, मग बॅटरी भरणार कशातून? नुसतं पेट्रोल इंजिन ओढत राहतं. मी ८० ते ८५ धरते, हत्तरगी नाका ते कोगनोळी नाका जेमतेम सहा-सात मिनिटं जादा जातात. सासूबाई शेजारी झोपतात, म्हणून मला ही सवय लागली खरं तर.

उद्यमबागवाला

सदलगेकर, आज सकाळी स्वतः गेज घेऊन हवा बघितली. स्टिकरवर ३३ आहे. पुढं २७ आणि २८, मागं २६ आणि २८. मला लाज वाटली. पावसाळ्याच्या आधी पंपावर भरली होती, नंतर गेज लावलाच नव्हता.

ताई, तुमचं म्हणणं पटलं. शाळेची वेळ साडेआठ आहे, वर्कशॉप साडेनऊला उघडतं. डबा सोबत घेतला तर थेट जाता येईल. सौ. ना विचारतो.

जांबोटी रोड, तीन युनिटचा हिशोब बाबांना वाचून दाखवला. त्यांनी तो वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतला.

चिकोडीकर

हवेनं एक-दोन टक्के सुधारेल, जास्त नाही. टायर मात्र वाचतील.

तुमच्या मोजण्यात एक भोक आहे. दरवेळी वेगळा पंप. एका पंपाचं नोझल लवकर ऑटोकट होतं, म्हणजे टाकी भरली समजून आपोआप बंद होतं, दुसऱ्याचं उशिरा, तिसऱ्याकडं पोरगा राउंड फिगर करायला आणखी दाबतो. दीड लिटरचा फरक सहज पडतो, आणि २४ लिटरमागं दीड लिटर म्हणजे सहा टक्के. म्हणून एका टाकीचा आकडा सुटा बघायचाच नाही. एकच पंप, शक्य तर तेच मशीन, गाडी सपाट जागी, पहिल्या ऑटोकटला थांबायचं. चार-पाच टाक्यांचे किलोमीटर आणि लिटर बेरजेनं घ्यायचे. तुमच्या बाबांनी बेरजेनंच घेतलंय, त्यामुळं १८.९ हा आकडा मला बऱ्यापैकी विश्वासाचा वाटतो. स्क्रीन थोडी उदार असतेच, बहुतेक गाड्यांची.

आता पेट्रोलचं. पंपावर ई-२० येतंय. इथेनॉलमध्ये लिटरमागं ऊर्जा पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच असते, म्हणजे वीस टक्के मिसळलं की लिटरमागची ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी कमी. २०२१ च्या नीती आयोगाच्या अहवालात जुन्या चारचाकींना सहा-सात टक्के आणि ई-२० साठी ट्यून केलेल्यांना एक-दोन टक्के फटका लिहिलाय. तुमची गाडी नवी आहे, तुम्हाला कमी बसेल. आमचं घर ऊसवाल्यांचं आहे. इथेनॉलमुळं कारखान्याकडं पैसा येतो आणि बिलं हलतात हेही मला दिसतं, म्हणून मी त्याला नुसतं वाईट म्हणणार नाही. पण ॲव्हरेजच्या हिशोबात ते धरायला हवं.

आणि कागदावरचा २७ चा आकडा रोलरवरच्या चाचणीतला आहे. त्या चक्रात वेग ९० च्या वर जात नाही, चढ नाही, वारा नाही, एसी बंद. त्याच्याशी वंटमुरीची तुलना करून जीव जाळू नका.

अनगोळचा

शाळेसमोर एसी लावून थांबता काय हो? मी बघायलोय, तिथं दहा गाड्या तशाच उभ्या असतात. हायब्रिडचा एसी बॅटरीवर चालतो खरा, पण बॅटरी उतरली की इंजिन आपोआप सुरू होऊन भरतं. उभ्या जागी पेट्रोल जातं, किलोमीटर शून्य. आपल्या बेळगावात ऑगस्टात एसी कशाला? काच दोन बोटं खाली घ्या की. रेल्वे गेटवर मात्र काळजी नको, तिथं इंजिन बंदच राहतं, तेवढ्यानं काही बॅटरी उतरत नाही.

अजून एक, मागच्या सीटजवळ बॅटरीला हवा घ्यायची जाळी असते. तिच्यापुढं पिशव्या ठेवू नका. माल नेता म्हणून सांगायलोय.

उद्यमबागवाला (ऑक्टोबर)

मंडळी, दोन महिन्यांनी परत आलो. धागा वर काढतोय कारण तुम्ही एवढं लिहिलंत आणि मी नुसता आभार मानून गेलो तर बरं दिसणार नाही.

जाळी बघितली. तिच्यापुढं खरंच जॉबचे बॉक्स असायचे आणि जाळीवर कास्ट आयर्नची बारीक काळी धूळ बसली होती. सर्व्हिसिंगला गेलो तेव्हा आतला फिल्टर साफ करून घेतला. वर्कशॉपमधल्या माणसांची गाडी असेल तर हे जरूर बघा, आम्हाला कपड्यांवरची धूळ दिसते, गाडीतली दिसत नाही.

आता खानापूर रोडवरचा एकच पंप धरलाय, पहिल्या ऑटोकटला थांबतो. शाळेतून थेट वर्कशॉप. कोल्हापूरला ८५. हवा दर पंधरा दिवसांनी घरीच बघतो. वहीत दोन टाक्या झाल्या:

शहर, ४०२ किमी, १८.८ लिटर.
कोल्हापूरच्या दोन फेऱ्या आणि थोडं शहर, ५१८ किमी, २३.९ लिटर.

मिळून ९२० किमी, ४२.७ लिटर. २१.५ पडला.

चिकोडीकर

छान. पण दोनच टाक्या आहेत आणि पाऊसही थांबलाय. ओला रस्ता टायरला धरून ठेवतो, जून-जुलैत पश्चिमेचा वाराही असतो, तुमची चौथी टाकी त्यातलीच होती. सगळं श्रेय सवयींना देऊ नका. पुढच्या जुलैत याच सवयींनी परत मोजा, तेव्हा खरं काय ते कळेल.

उद्यमबागवाला

बरोबर आहे. बाबांनीही हेच सांगितलं, शब्द वेगळे होते. त्यांनी पुढच्या जुलैसाठी वहीत एक पान मोकळं सोडलंय.

२४ चा हट्ट मी सोडला. २१ धरून हप्त्याचा हिशोब परत मांडला. माझ्या महिन्याच्या हजार-अकराशे किलोमीटरला जादाचे लाखभर रुपये लवकर निघणार नाहीत, हे घरी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. सौ. म्हणाली, गाडी शांत चालते, आईंना आता उलटी होत नाही, ते कुठल्या वहीत लिहायचं? तेही खरंच आहे.

दिवाळीत आंबोलीमार्गे सावंतवाडीला जायचंय. चंदगड बाजूनं नेहमी जाणारं कुणी असेल तर शिनोळीच्या पुढं रस्ता सध्या कसा आहे ते सांगा. मुक्कामाला निघायच्या आदल्या दिवशी टाकी फुल करून आकडा टाकतो.