मदत हवी आहे: घोड्याची नाडी बघायला पोरांना कसं शिकवू?
नमस्कार मंडळी, मी जनावरांच्या दवाखान्यात मदतनीस आहे आणि रविवारी माथेरानच्या घोडेवाल्यांच्या पोरांना घोड्याची शुश्रूषा शिकवतोय. टेंपरेचर घेणं जमलं, पण जबड्याखालची नाडी काही केल्या त्यांच्या बोटाला लागत नाही, त्यात शांत घोड्याचे ठोके मिनिटाला 28 ते 44च असतात त्यामुळे पोरं लगेच हात काढतात. पोटशूळ उठला की हेच ठोके 60च्या वर जाऊ शकतात, घोड्याला उलटी होऊन पोट मोकळंही होत नाही, त्यात माथेरानात मोटारगाड्यांना बंदी, म्हणजे डॉक्टर पोचेपर्यंत जे काय बघायचं ते याच पोरांनी. स्टेथोस्कोप एकच आहे, तो डाव्या कोपरामागे लावायला शिकवू की आधी बोटांनीच पक्कं करून घेऊ? रेसकोर्सच्या तबेल्यात कोणी काम केलंय का, प्लीज सांगा तुम्ही कसं शिकलात.