महिला गटाची पात्रता एका जनुकावरून ठरवावी का?

मूळ मांडणी
सप्टेंबर २०२५ पासून वर्ल्ड अ‍ॅथलेटिक्स या जागतिक महासंघाने जागतिक क्रमवारीच्या स्पर्धांत महिला गटातून उतरण्यासाठी एसआरवाय जनुकाची (सहसा वाय गुणसूत्रावर असणाऱ्या, पुरुषी विकासाला सुरुवात करून देणाऱ्या जनुकाची) चाचणी आयुष्यात एकदा बंधनकारक केली आहे, आणि माझ्या मते हे योग्यच झाले. आधीच्या नियमांत टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाची रक्तातील मर्यादा लिटरमागे १० नॅनोमोलवरून ५ वर आणि २०२३ मध्ये २.५ वर आली, म्हणजे निरोगी आंतरलिंगी (जन्मतः लैंगिक जडणघडण वेगळी असलेल्या) खेळाडूंना केवळ आकड्यात बसण्यासाठी औषधे घ्यावी लागत. अव्वल स्त्री-पुरुष धावपटूंच्या वेळांत साधारण १० ते १२ टक्के फरक असतो आणि तो मुख्यतः पौगंडावस्थेतील टेस्टोस्टेरॉनमुळे पडतो. महिला गट त्याच कारणाने वेगळा असेल, तर सीमा आखणे भागच आहे.

प्रतिसाद : असहमत
सीमा हवी, पण ती जनुकाने आखता येते हे मला पटत नाही. १९८५ मध्ये जपानमधील कोबे येथे स्पेनची अडथळा शर्यतपटू मारिया होसे मार्तिनेझ पतिन्यो हिला गुणसूत्र चाचणीत वाय गुणसूत्र आढळल्यावरून बाद करण्यात आले. तिच्या पेशी टेस्टोस्टेरॉनला प्रतिसादच देत नसल्यामुळे त्याचा लाभ तिला मिळणे शक्यच नव्हते, तरीही पात्रता परत मिळेपर्यंत १९८८ उजाडले आणि ऐन उमेदीची वर्षे वाया गेली. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये ३३८७ पैकी ८ जणींच्या चाचणीत असेच निष्कर्ष आले आणि आठही जणींना खेळू दिले गेले. मग त्या चाचणीने साधले काय? १९९९ मध्ये ऑलिंपिक समितीने ती थांबवली, ते उगाच नव्हे.

मूळ लेखकाचे उत्तर
पतिन्योसारख्या, म्हणजे अँड्रोजेनला (टेस्टोस्टेरॉनसारख्या पुरुषी संप्रेरकांना) पूर्णतः असंवेदनशील असलेल्या खेळाडूंना नव्या नियमांत सूट आहे. शिवाय दक्षिण आफ्रिकेची धावपटू कास्टर सेमेन्या हिच्या प्रकरणात क्रीडा लवादाने (खेळातील वाद सोडवणाऱ्या, स्वित्झर्लंडमधील संस्थेने) २०१९ मध्ये टेस्टोस्टेरॉन मर्यादेचे तेव्हाचे नियम भेदभाव करणारे असल्याचे मान्य करूनही ते आवश्यक आणि प्रमाणबद्ध ठरवले होते.

प्रतिसाद : असहमत
तो निकाल दोन विरुद्ध एक असा होता, हे आपण सांगितले नाही. त्यावरील अपिलाची स्विस न्यायालयाने पुरेशी कसोशीने छाननी केली नाही, असे युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये म्हटले. आणि सूट मिळाली तरी ती सिद्ध करण्याचा भार खेळाडूवरच पडतो. २०१४ मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेच्या तोंडावर धावपटू द्युती चंदला टेस्टोस्टेरॉनच्या पातळीवरून भारतीय संघातून वगळले, तेव्हा तिच्या शरीराची चर्चा देशभर झाली. ज्यांची असंवेदनशीलता अंशतः आहे, त्यांना प्रत्यक्षात किती लाभ होतो, याचा पुरावा महासंघाने द्यायला हवा, खेळाडूने नव्हे.