सोडलेल्या जिताड्याचा विक्रम धरायचा की नाही?

वाशी_पूल: आपल्या गळवाल्यांच्या गटाच्या मोठ्या माशांच्या यादीत यंदापासून लांबी मोजून पाण्यात सोडलेले मासेही, म्हणजे खाडीतला मोठा जिताडाही, धरायचे, असं घाटतंय. माझा साफ विरोध. विक्रम वजनकाट्यावर होतो. १९४६ साली काबिनी नदीत पकडलेला १२० पौंडांचा महसीर मासा आजही सगळ्यांना ठाऊक आहे, कारण त्याचं वजन झालं होतं.

खाडीकाठ: उदाहरण तरी दुसरं शोधायचंत. त्याच कुबडवाल्या महसीरची जात २०१८ साली अतिसंकटग्रस्त ठरली. दोष एकट्या गळवाल्यांचा नाही, धरणं आणि वाळूउपसाही आहे. पण यादी करताना मासा उरला पाहिजे की नको? खुद्द आयजीएफए, म्हणजे गळाच्या मासेमारीचे जागतिक विक्रम नोंदवणारी संस्था, २०११ पासून जिवंत सोडलेल्या माशांच्या लांबीचे विक्रम घेते. वजनाच्या विक्रमाला मात्र पाण्यावर केलेलं वजन तिथे चालत नाही, जमिनीवरच हवं. म्हणजे उलव्यासमोर खाडीत गळाला लागलेला जिताडा धक्क्यावर येईपर्यंत मेलेला. त्यात जिताडा आधी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो. मीटरभराचा जिताडा म्हणजे बहुतेक वेळा लाखो अंडी देणारी मादी. वजनाची यादी नेमकं तिलाच मारायला लावते.

वाशी_पूल: मग लांबी-घेरावरून वजन काढणार ना? लांबी गुणिले घेराचा वर्ग, भागिले २८,९००. लांबी ९० सेंटीमीटर, घेर ५५, तर ९.४ किलो. टेप जरा सैल पडून घेर ५७ आला की १०.१. दोन सेंटीमीटरला सातशे ग्रॅम! ही नोंद?

खाडीकाठ: म्हणून वजन लिहायचंच नाही. फक्त लांबी. आकडे आखलेल्या मोजफळीच्या आडव्या पट्टीला तोंड टेकवायचं, जबडा मिटलेला, मासा आडवा, आणि शेपटीच्या टोकाशी आकडा वाचायचा. जिताड्याची शेपटी गोल, खाच नाही, त्यामुळे कुठवर मोजायचं हा वाद उरत नाही. फळी आधी खाडीच्या पाण्याने भिजवायची. तापलेल्या कोरड्या फळीवर अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथेच बुरशी धरते. फोटोत गटाने त्या दिवशी वाटलेली चिठ्ठी दिसली पाहिजे, म्हणजे जुना फोटो खपणार नाही.

दिवाळे_बंदर: सोडला म्हणजे जगला, हे कुणी ठरवलं? मे महिना, भांगाचे म्हणजे कमी भरती-ओहोटीचे दिवस, पाणी गरम आणि हलत नाही. अशा वेळी बारीक तंगुसावर (गळाच्या नायलॉन दोरीवर) अर्धा तास दमवलेला मासा पोहत जातो आणि पुढे उलटा होतो. कल्ल्याचं पातं बोट कापतं, म्हणून तुम्ही ओठाला पकड लावून उभा टांगता. दहा किलोचं धूड जबड्यावर लोंबकळतं आणि तुमचं फोटो काढणं चालूच. सरळ घरी न्या, कालवण तरी होईल.

घोडबंदर_गळ: कोळ्यांच्या डोलीच्या, म्हणजे प्रवाहात रोवलेल्या पिशवीसारख्या जाळ्याच्या, खोल्यात (शेवटच्या टोकात) बोटभर जिताडे जातात, त्यावर बोला की आधी!

दिवाळे_बंदर: डोल बोंबील-जवळ्याला लावतात, जिताड्याला नाही. जवळ्याला आस, म्हणजे जाळ्याचं भोक, बारीकच लागतो. प्रवाह पडल्यावर जाळं उचललं की खोल्यातलं सगळं दबून मेलेलं असतं, त्यातून पिल्लू निवडून सोडणार कसं? तळ्यात वाढवायला खाडीतून जिताड्याचं बी (पिल्लं) वेचून नेतात, ते दिसत नाही तुम्हाला?

घोडबंदर_गळ: तेही चूकच. चेन्नईच्या सीबाने (निमखाऱ्या पाण्यातल्या मत्स्यशेतीची केंद्रीय संस्था) १९९७ सालीच जिताड्याचं बी हॅचरीत तयार केलं. तेच घ्यावं. पण भरावाने तिवरं गेली आणि पिल्लांची नर्सरीच संपली, हे गळाने नाही झालं आणि डोलीनेही नाही.

दिवाळे_बंदर: एवढं एक बरोबर बोललात. पण मग कोळ्यांकडे बोट दाखवायचं बंद करा.

खाडीकाठ: धाग्यावर या. दिवाळेदादांचा बारीक तंगुसाचा मुद्दा मला खोडता येत नाही. आपल्या यादीत लाइनच्या, म्हणजे तंगुसाच्या, जाडीनुसार वर्ग आहेत, आणि जितकी बारीक लाइन तितका मान मोठा. सोडायच्या माशाला हे उलटंच आहे. सोडलेल्यांच्या यादीत वर्ग नकोत, जाड लाइनने मासा लवकर आणायचा. पक्कडीने गळाचा बार्ब (टोकाचा उलटा काटा) दाबायचा. रबरी, बिनगाठीची जाळी होडीच्या कडेला पाण्यातच धरून गळ काढायचा. फळीवर दहा-पंधरा सेकंद, पोटाखाली ओला हात. सोडताना तोंड प्रवाहाकडे. पुढे-मागे ढकलायचं नाही, स्वतःहून शेपटी मारेल तेव्हाच हात काढायचा. गळ गिळला असेल तर उपटायचा नाही, लाइन तोंडाशी कापायची आणि ती नोंद धरायची नाही.

वाशी_पूल: दोन याद्या वेगळ्या ठेवल्या, तर वर्ग काढायला माझी हरकत नाही. वजनाची यादी बंद करायला आहे.

दिवाळे_बंदर: आणि मे महिन्यात भांगाला एकही नोंद नको. हे लिहून घेतलंत तर फळी मान्य.