आंबा घाट लागला की स्टिअरिंगवरची बटणं उलटी चालतात

घाटमास्तर

गाडी २०१४ ची हॅचबॅक, सेकंडहँड घेतलेली. मे महिन्यात कंपनीचा टेप काढून ९ इंची अँड्रॉइड टेप बसवला. स्टिअरिंगवरची चारही बटणं, म्हणजे कुठलं बटण काय करतं ते, टेपला दुकानातच शिकवून घेतली, एक चक्कर मारून खात्री केली आणि मगच पैसे दिले.

मी कोल्हापुरात शिक्षक, आई साखरप्याला. शनिवारची सकाळची शाळा सुटली की जेवून निघतो. मलकापूरपर्यंत सगळं सुरळीत. आंबा घाट लागला की आवाज वाढवायला जावं तर कमी होतो आणि कमी करायला जावं तर पुढचं गाणं लागतं. पुढच्या गाण्याचं बटण आणि म्यूट तेवढी शहाण्यासारखी वागतात. साखरप्याला दुसऱ्या दिवशी सकाळी बघावं तर चारही ठीक!

दुकानात दोनदा जाऊन आलो. दोन्ही वेळा गाडीने मला खोटं पाडलं. दुकानदार म्हणतो घाटातली दमट हवा बटणांत शिरते. बायको म्हणते वळणावर तुमचाच अंगठा चुकतो. गाडी कडेला थांबवून पाहिलंय, अंगठा चुकत नाही. रात्रीची भानगड म्हणावी तर हे भर दुपारी होतं.

पिंपरीचा पाना

क्लॉकस्प्रिंग बघा. स्टिअरिंगच्या आत गुंडाळलेली पट्टी असते, बटणांच्या वायरी तिच्यातूनच येतात. घाटात पूर्ण वळणं घेताना तुटकी पट्टी सुटते. हॉर्न मधेच दगा देतो का? एअरबॅगचा दिवा लागतो का?

घाटमास्तर

हॉर्न खणखणीत आहे, घाटात सतत वाजवतोच. एअरबॅगचा दिवा लागत नाही.

रायडर_नाशिक

कॅनबस डिकोडर टाका, विषय संपला.

वायरवाले काका

डिकोडर कशाला? ज्या गाडीत बटणांचा निरोप कॅनवरून, म्हणजे गाडीतल्या यंत्रांच्या सामाईक डेटा-वायरीवरून, जातो तिथे तो लागतो, आणि तिथे तो नसेल तर बटणं मुळात चालतच नाहीत. मास्तरांची कोल्हापुरात चालतायत.

मास्तर, एकच विचारतो. घाटात दिवे लावता का?

घाटमास्तर

जुलै चालू आहे काका. धुक्यात समोरचा ट्रक दहा हातांवर आल्याशिवाय दिसत नाही. लावतोच. पण दिव्यांचा टेपशी काय संबंध?

वायरवाले काका

संबंध अर्थिंगचा, म्हणजे मायनसचा. तुमच्या स्टिअरिंगवरच्या प्रत्येक बटणामागे वेगळ्या मापाचा, म्हणजे वेगळ्या ओहमचा, रेझिस्टर असतो. टेप बटणांसाठीच्या 'की-१' वायरवर थोडासा व्होल्टेज सोडून बसलेला असतो. बटण दाबलं की ती वायर त्या रेझिस्टरमधून मायनसला टेकते आणि व्होल्टेज ठरावीक आकड्यावर उतरतो. तो आकडा ओळखून टेप आवाज वाढवायचा की गाणं बदलायचं ते ठरवतो. म्हणजे सगळा हिशोब मायनस शून्यावर आहे असं धरून चाललेला.

आता दिवे लावले की डॅशबोर्डमधले आणि बटणांमागचे बारीक बल्बही लागतात. त्यांचा करंट आणि बटणांचा मायनस एकाच सैल जोडातून जात असेल, तर तो मायनस शून्यावर राहत नाही, जरा वर उचलला जातो. मग टेपला आकडा जास्त दिसतो आणि तो पुढच्या बटणाचा समजतो. कमी ओहमची बटणं आधी चुकतात, जास्त ओहमची तगून राहतात. तुमची दोनच बटणं चुकतात ती त्यामुळे.

आधी दारात गाडी उभी करून, नुसते पार्किंग लाईट लावून बटणं दाबा. चुकली तर टेप बाहेर ओढून, जोडणी न सोडता, मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं बटणांच्या मायनसच्या जोडाला. दिवे बंद असताना आणि चालू असताना किती दिसतं ते सांगा. आणि पिवळ्या कपलरला मीटरचं टोक अजिबात लावू नका, ते एअरबॅगचं असतं.

रायडर_नाशिक

मग दिवे लावूनच बटणं परत शिकवली तर?

वायरवाले काका

मग उन्हात चुकतील.

घाटमास्तर

काका, हात जोडले. दारात पार्किंग लाईट लावले आणि घाट तिथेच अवतरला. बायकोला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, बरं.

रविवारी टेप ओढला. मागे तीन काळ्या वायरी नुसत्या पिळून वर चिकटपट्टी गुंडाळलेली: एक टेपची, एक बटणांची, एक दिव्यांची. पट्टी सोलली तर आतलं तांबं हिरवट आणि एक वायर जेमतेम टेकलेली. दिवे बंद असताना ०.०१ व्होल्ट, चालू केल्यावर ०.४१. उत्सुकता होती म्हणून बटणांच्या वायरी टेपपासून सोडवून ओहमही मोजले: आवाज वाढव ७५, कमी कर २४०, पुढचं गाणं ५६०, म्यूट १२००. चुकणारी दोन बरोबर खालची निघाली!

आता बटणांचा मायनस वेगळा काढून सरळ टेपच्या की-ग्राउंडला (बटणांसाठीच्या मायनस वायरीला) देऊ का?

वायरवाले काका

तेच करा. तुमच्या टेपला की-ग्राउंड नसेल तर टेपच्या मुख्य मायनसला द्या. दिव्यांचा मायनस वेगळा, चांगल्या बोल्टवर, रंग खरवडून. टेपच्या मायनसचा जोडही नवीन करा, तोच हिरवा पडला असेल तर सगळं फुकट. आधी बॅटरीचा मायनस काढा. प्रत्येक जोडाला सोल्डरचा डाग द्या आणि वर स्लीव्ह चढवा, चिकटपट्टी उन्हाळ्यात सुटते. शेवटी बटणांचं आधीचं शिकवलेलं टेपमधून पुसून नव्याने शिकवा, दिवे बंद ठेवून.

घाटमास्तर

झालं. डाग द्यायला शाळेच्या प्रयोगशाळेतलं सोल्डरिंग आयर्न आणलं होतं, परत ठेवलं. आता दिवे चालू असताना ०.०२ व्होल्ट. काल आंबा घाटात वरपासून खालपर्यंत धुकं होतं, दिवे चालू. आवाज वाढव म्हटलं की वाढला. शेजारी बसलेली म्हणाली, आता कमी करा.