हाताने घडवलेल्या चाकूचा फोटो: पातं पांढरंफटक येतं, घणाच्या खुणा दिसत नाहीत

अंबाजोगाईकर:

नमस्कार मंडळी. आमचं लोहाराचं घर, गाव अंबाजोगाईजवळ. काका खुरपी, विळे आणि ऊसतोडीचे कोयते घडवतात. दसऱ्यानंतर टोळ्या कारखान्यांकडे निघतात, त्याआधी भट्टी थंड होत नाही. बाकीच्या दिवसांत ते आता चाकू बनवायलेत. ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचं (स्प्रिंगच्या पट्टीचं) पातं, बाभळीची मूठ, पितळी रिव्हेट. पात्याचा वरचा अर्धा भाग ते मुद्दाम काळाच ठेवतात, त्यावर घणाचे ठोके दिसतात. खाली धारेकडचा भाग घासून आरशासारखा करतात.

पुण्या-मुंबईची गिऱ्हाइकं व्हॉट्सअॅपवर फोटो मागतात, तेव्हापासून फोटोचं काम माझ्याकडे. एकाने फोटो बघून विचारलं, "हे मशीनवर कापलेलं आहे का?" काकांना मी ते सांगितलं नाही, पण मला चैन पडेना. दोन-दोन दिवस ऐरणीवर वाकून केलेलं काम फोटोत दिसतच नसेल तर दोष माझ्या फोटोचा.

माझ्याकडे कॅनन २००डी, सोबत आलेली १८-५५ची लेन्स आणि एक ट्रायपॉड आहे. फ्लॅश मारला की पात्यावर पांढरा डाग पडतो. नाही मारला तर पातं काळं पडतं आणि त्यात माझी ओढणी, पत्र्याच्या नाल्या, सगळं दिसतं. काळा भाग आणि चकचकीत भाग एकाच फोटोत नीट कसे आणायचे? फिल्टर मारून खोटी चमक आणायची नाही.

वाळूजचा फोटोवाला:

ताई, तुमचा कॅमेरा या कामाला पुरून उरेल. मी वाळूज एमआयडीसीतल्या कारखान्यांसाठी सुट्या भागांचे कॅटलॉग फोटो काढतो, मधूनमधून बिदरी कामाचेही (काळ्या धातूवरची चांदीची नक्षी), त्यामुळे रोजचा संबंध धातूशीच.

घासलेलं पोलाद समोर जे असेल तेच दाखवतं. तुमच्या पात्यासमोर ओढणी आणि पत्रा होता, म्हणून ते आले. तेव्हा चाकूवर उजेड टाकण्याआधी त्याच्यासमोर काय असावं ते ठरवा. कॅमेरा ट्रायपॉडवर पक्का करा, डोळा कॅमेऱ्यामागे ठेवा आणि घरातल्या कुणाला तरी पांढरा कागद पात्याभोवती वेगवेगळ्या बाजूंनी धरायला सांगा. ज्या जागी कागद आल्यावर पातं एकदम उजळेल, ती जागा तुमची. तिथे बटर पेपर किंवा ट्रेसिंग पेपर ताणून लावा आणि त्याच्या मागून उजेड येऊ द्या. उत्तरेकडचं दार असेल तर सोन्याहून पिवळं, तिथून थेट ऊन सहसा येत नाही. कागद चाकूच्या जितका जवळ आणि जितका मोठा, तितका उजेड मऊ.

मात्र कागद सगळीकडे सारखा उजळला तर पातं पत्र्याच्या तुकड्यासारखं सपाट दिसेल. एका टोकाला जास्त उजेड, दुसऱ्या टोकाला कमी, असं ठेवा. पात्यावर पांढऱ्यापासून करड्यापर्यंत उतार येतो आणि काकांनी धारेकडे दिलेला उतार त्यातूनच डोळ्याला कळतो. काळ्या कार्डशीटची बोटभर पट्टी कागदाच्या कडेला लावून हळूहळू आत सरकवा. जिथून घासलेला भाग सुरू होतो तिथे एक बारीक काळी रेघ उमटेल. ती रेघ सरळ आली तर जाणकार गिऱ्हाईक तिथेच थांबतं, कारण हाताने घासताना ती सरळ ठेवणं सगळ्यात अवघड.

आता काळा भाग. त्याला मऊ उजेड चालत नाही, ठोके त्यात बुडून जातात. त्याला हवा तिरपा आणि कडक उजेड. साधी बॅटरी फरशीलगत ठेवून चाकूच्या पाठीच्या, म्हणजे धारेच्या उलट कडेच्या, बाजूने मारा, म्हणजे प्रत्येक ठोक्याच्या खळग्याला एक कड उजळ आणि एक कड सावलीची मिळेल. घासलेला भाग हा खालून आलेला उजेड कॅमेऱ्यापासून लांब फेकतो, त्यामुळे तिथे डाग पडत नाही. म्हणजे वरून कागद चकचकीत भागासाठी, बाजूने बॅटरी काळ्या भागासाठी, दोन्ही एकाच वेळी. बॅटरी पांढऱ्या उजेडाची घ्या, पिवळी नको. शेडमधली ट्यूब बंदच ठेवा, दोन-तीन रंगांचे उजेड मिसळले की पितळ हिरवट दिसतं.

चाकू शहाबादी फरशीवर ठेवा. तिचा करडा रंग पोलादाशी भांडत नाही. लेन्स ५५वर ठेवून थोडं मागे सरका. १८वर जवळून काढलं तर जवळचं टोक फुगतं आणि काकांनी साधलेलं माप बिघडलेलं दिसतं. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद) १००, लेन्सचं छिद्र एफ ८ ते ११, दोन सेकंदांचा टायमर. एफ १६च्या पुढे जाऊ नका, छिद्र फार लहान झालं की बारीक रेषा मऊ पडतात. कॅमेरा समोरचं सगळं सरासरी करड्या रंगावर आणायला बघतो, म्हणून गडद फरशीवर तो पातं जाळून टाकतो. एक्स्पोजर उणे एकवर न्या आणि रॉ फाइल (कॅमेऱ्याने न बदललेली मूळ फाइल) ठेवा.

फोटोआधी सुती कापडाने पातं पुसा. बोटांचे ठसे फोटोत दिसतात, शिवाय या पोलादाला त्यांनी गंज धरतो. तेल फोटो झाल्यावर लावा, आधी लावलं तर ढगासारखे डाग येतात.

आणि आडव्या फोटोवर समाधान मानू नका. चाकूची पाठ वरून काढा, मुठीकडून टोकाकडे ती कशी बारीक होत जाते ते दिसू द्या. मूठ आणि पातं जिथे भेटतात तो सांधा जवळून काढा. रिव्हेट लाकडाशी सपाट आहे का, फट आहे का, सगळं तिथे उघडं पडतं. मशीनचा प्रश्न विचारणाऱ्याला हे दोन फोटो पाठवा.

गोदाकाठ, नांदेड:

वरचं सगळं बरोबर, मी कामाच्या बाजूने बोलतो. आमचं घर शिकलगाराचं, म्हणजे हत्यारं घडवणाऱ्यांचं. हजूर साहिबच्या भोवती कृपाणीचं काम पिढ्यांपासून चालतंय, मी त्यातच वाढलो.

ताई, चाकूचा जीव त्याला दिलेल्या पाण्यात, म्हणजे लाल तापवून एकदम बुडवण्यात, असतो आणि तयार चाकूच्या फोटोत ते कधीच दिसणार नाही. म्हणून भट्टीचे फोटो काढा. कमानपाट्याला पाणी देताना आम्ही तेलच वापरतो, तेही कोमट. साध्या पाण्यात बुडवलं तर तडकायची भीती. काकांना विचारा, ते रंग बघून ठरवत असतील. साधारण ७७० अंशांना लोखंड चुंबकाला सोडतं, त्याच्या थोडं वर गेलं की बुडवायचं. उजेडात हा रंग ओळखू येत नाही, म्हणून जुने लोहार हे काम अंधारात करतात. तुम्हीही दिवस मावळल्यावरच काढा. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाची सेटिंग) आपोआप वर ठेवू नका, तो तांबडा रंग खाऊन टाकतो. डेलाइटवर बांधून टाका. ठिणग्यांच्या रेघा हव्या असतील तर शटर १/३०, घण हवेत थांबलेला हवा असेल तर १/५००. आयएसओ वाढवा, थोडे दाणे आले तरी चालतील. तेल कधी पेट घेतं, तेव्हा ओढणी बांधून आणि लांब उभं राहून.

पाणी दिल्यावर पातं काचेसारखं ठिसूळ होतं. मग ते पुन्हा दोनशे-सव्वादोनशे अंशांपर्यंत तापवतात, तेव्हा घासलेल्या पोलादावर फिकट पिवळा, गवताच्या काडीचा रंग चढतो. आणखी तापलं तर तपकिरी, जांभळा, तीनशेच्या आसपास निळा. हा रंग नंतर घासण्यात निघून जातो, तेव्हा तो त्याच क्षणी टिपायचा. हा एक फोटो शंभर शब्दांचं काम करेल, कारण मशीनने कापून विकणारा तो दाखवूच शकत नाही.

एक विनंती. फोटोखाली खरं लिहा: कमानपाटा, बाभूळ, पितळ. बाजारात पात्यावर लेझरने लहरी उमटवून त्याला दमास्कस (लहरींच्या नक्षीचं नावाजलेलं पोलाद) म्हणून विकायलेत. आजकालच्या खऱ्या लहरी दोन जातींचं पोलाद घडी घालून जोडल्याने येतात आणि आम्लात बुडवल्यावर उठतात. आपल्याला त्या नावाची गरज नाही. नांदेडपलीकडे तेलंगणातल्या निर्मळ आणि कोनासमुद्रमच्या भट्ट्यांतलं पोलाद एके काळी इराणपर्यंत जात होतं, आणि १९४८ पर्यंत ती गावं आणि आपण एकाच निजामाच्या राज्यात होतो. या मातीतलं काम साध्या नावानेही मान राखून आहे.

जालनेकर:

एक कामाची गोष्ट. शस्त्र नियम २०१६च्या यादीत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार हत्यारं येतात. घरगुती, शेतीची आणि उद्योगाच्या कामासाठी घडवलेली त्यातून वगळली आहेत. तेव्हा चाकू कशासाठी आहे ते फोटोतच दिसू द्या. शेजारी कांदा, वांगी, कोयत्याजवळ ऊस. लांबीचं माप लिहा. हातात उगारलेला कोयता कधीच टाकू नका, सध्या अशा फोटोंवरून पोलीस घरी येतात आणि निष्कारण काकांना ताप होईल.

अंबाजोगाईकर:

सगळ्यांचे मनापासून आभार. दाराशी बटर पेपर लावला, बॅटरी पाटावर टेकवली. घणाचे ठोके एकेक मोजता येतील असे आलेत. काकांनी मोबाइल डोळ्यांजवळ धरून बघितलं आणि म्हणाले, "धारेजवळ अजून एक हात फिरवायचा राहिलाय." चाकू परत घासायला नेला.

आता एकच अडचण राहिली. मुठीला जवसाचं तेल लावलंय, ते कागदाच्या उजेडात चकाकतं आणि बाभळीच्या रेषा झाकल्या जातात. पोलरायझर (चमक कापणारी, लेन्सवर बसवायची काच) घेऊ का? त्याने पात्याची चमक पण जाईल का?

वाळूजचा फोटोवाला:

घ्या, ताई. तेल लावलेल्या लाकडावरची चमक पोलरायझर फिरवला की उतरते. उघड्या धातूवरून परत येणाऱ्या उजेडावर त्याचा फारसा परिणाम होत नाही, त्यामुळे पातं जवळपास जसंच्या तसं राहील आणि मूठ तेवढी गडद होऊन रेषा दिसतील. फिल्टर फिरवत स्क्रीनवर बघत राहा, मुठीच्या रेषा पूर्ण उघडल्या की थांबा. दीडएक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे निम्मा) उजेड कमी होईल, ट्रायपॉड आहे म्हणून शटर लांबवा. तुमच्या लेन्सला ५८ मिलिमीटरचा बसेल, तरी लेन्सच्या पुढच्या कडेवर आकडा बघूनच मागवा.