खेळाचा तास घेऊन शिकवलेले आरोग्य : शाळांच्या आंतरराष्ट्रीय भागीदारीविषयी

अर्धविराम

पाटीपेन्सिल यांनी परवा या चर्चामंचावर इरॅस्मस प्लस या युरोपीय संघाच्या शैक्षणिक अनुदान योजनेखालील आपल्या शालेय प्रकल्पाची यशोगाथा लिहिली. पाच देशांतील शाळा दोन वर्षे एकत्र आल्या, मुलांची जीवनशैली निरोगी झाली आणि त्यांची रोजगारक्षमताही वाढली, असा त्या लेखाचा दावा आहे. तिथे प्रतिसाद लिहायला बसलो आणि तो इतका लांबला की स्वतंत्र धागा काढणे भाग पडले.

माझा पहिला आक्षेप या दोन उद्दिष्टांची मोट बांधण्याला आहे. वेळेवर झोपणारा आणि न्याहारी चुकवू न देणारा मुलगा पुढे उत्तम कर्मचारी होतो, हे ऐकायला गोड वाटते. परंतु ही जोडणी बहुतेक वेळा वर्गात नव्हे, तर अर्ज भरताना जन्माला येते. अनुदान देणाऱ्यांच्या प्राधान्यक्रमात जे शब्द असतात, तेच शब्द शाळेला एकाएकी जिव्हाळ्याचे वाटू लागतात.

दुसरा आक्षेप मोजणीला आहे. ‘आठवड्यातून किती दिवस न्याहारी करता?’ हा प्रश्न प्रकल्पाच्या आरंभी विचारला, मग दोन वर्षे मुलांकडून न्याहारीची भित्तिपत्रके रंगवून घेतली आणि शेवटी तोच प्रश्न पुन्हा विचारला. आकडा वाढला. वाढणारच! कोणते उत्तर अपेक्षित आहे, हे आपणच त्यांना शिकवले होते. एचबीएससी हे शालेय मुलांच्या आरोग्याचे आंतरराष्ट्रीय सर्वेक्षण १९८३ पासून चालत आले आहे आणि ते ११, १३ व १५ वर्षांच्या मुलांना निनावी प्रश्न विचारते. तिथे मुलांना कोणाच्याही प्रकल्पाची लाज राखायची नसते.

राहता राहिला प्रवास. लेखानुसार शाळेत सातशे मुले आहेत आणि परदेशी बारा गेली. उरलेल्या सहाशे अठ्ठ्याऐंशी मुलांची रोजगारक्षमता व्हरांड्यातील छायाचित्रे पाहून वाढली काय?

पाटीपेन्सिल

आपण लेखाचे शीर्षक बारकाईने वाचलेत, याबद्दल आभार. शेवटचे चार परिच्छेदही वाचले असतेत, तर छायाचित्रांचा टोमणा वाचला असता. प्रवास बाराजणांनी केला, परंतु काम ई-ट्विनिंग या युरोपातील शाळांना जोडणाऱ्या ऑनलाइन मंचावर सहा वर्गांनी मिळून केले. ही सोय २००५ पासून उपलब्ध आहे आणि तिला विमानाचे तिकीट लागत नाही. इरॅस्मस प्लसमध्ये लहान भागीदारीला मिळणारी कमाल ठोक रक्कम ६०,००० यूरो असते. ती पाच शाळांत आणि दोन वर्षांत वाटून पाहा, म्हणजे आम्ही किती चैन केली ते कळेल.

माझ्या वर्गात एक मुलगी होती, जी हजेरीलासुद्धा मान हलवून उत्तर देत असे. तिच्या गटाने परदेशी गटाला झोपेच्या नोंदींविषयी दीड पानाचे पत्र पाठवले होते आणि नऊ दिवस त्याला उत्तर नव्हते. गटातील मुले तिकडच्यांना आळशी ठरवून मोकळी झाली. या मुलीने ते पत्र पुन्हा वाचले आणि त्यात नेमका प्रश्नच नाही, हे तिच्या लक्षात आले. तिने तीन ओळी लिहिल्या, एकच प्रश्न विचारला आणि उत्तराची तारीख घातली. संध्याकाळपर्यंत उत्तर आले. रोजगारक्षमता हा शब्द तुम्हाला खटकत असेल, तर त्याला दुसरे नाव द्या. पण हे घडले, आणि ते पाठ्यपुस्तकातून घडले नव्हते.

मैदानकर

मूळ वादावर मला मत नाही, पण जखमेवर बोट पडले म्हणून लिहितो. मी शारीरिक शिक्षणाचा शिक्षक आहे. आमच्या शाळेतही अशी भागीदारी झाली. दोन्ही शाळांच्या वेळापत्रकांत जुळणारी एकच वेळ सापडली आणि ती नेमकी आठवीच्या खेळाच्या तासाची निघाली. सहा महिने दर गुरुवारी मुले खुर्च्यांवर बसून ‘बैठ्या जीवनशैलीचे दुष्परिणाम’ या विषयावर पडद्यासमोर सादरीकरण करत होती आणि मी गळ्यात शिट्टी अडकवून दारात उभा राहत होतो. जागतिक आरोग्य संघटना मुलांना दररोज किमान ६० मिनिटे व्यायाम सांगते. ते वाक्य एका मुलीने फार सुंदर अक्षरांत लिहिले होते. त्या तासाला तिचा व्यायाम तेवढाच झाला.

शंकासुर

मैदानकर, किंचित दुरुस्ती. ‘दररोज किमान’ ही २०१० ची शिफारस झाली. २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ५ ते १७ वर्षे वयोगटासाठी आठवड्याची सरासरी दिवसाला ६० मिनिटे पडावी, एवढेच अपेक्षित आहे. एक तास बुडाल्याने आकाश कोसळत नाही.

मैदानकर

सरासरी काढायलाही आधी काही मिनिटे जमावी लागतात, महाशय. त्याच सूचनांत आठवड्यातून तीन दिवस स्नायू आणि हाडे बळकट करणारा व्यायामही सांगितला आहे. तो कोणत्या तासाला करून घ्यावा, हेही कृपया आपणच सांगा. गणिताचा तास कधी कोणी मागितला आहे का? परीक्षा आली, पाहुणे आले, छायाचित्रकार आला की पहिला बळी आमचाच. वीस वर्षे हेच पाहतो आहे, म्हणून आवाज चढतो.

वहीतले पान

मी अशाच एका प्रकल्पातील माजी विद्यार्थी आहे, त्यामुळे अवांतर असले तरी सांगतो. आमच्याकडे देशादेशांत पावलांची स्पर्धा होती. प्रत्येकाला कमरेला लावायचा पावले मोजणारा यंत्राचा डबा मिळाला आणि दिवसाला १०,००० पावलांचे लक्ष्य ठरले. तिसऱ्या आठवड्यापर्यंत आमच्या गटाने मार्ग शोधला. वर्गातील एक मुलगा रोज संध्याकाळी धावायला जात असे. तो आपल्या पट्ट्याला आमचे चार डबे अडकवून धावू लागला. एकदा दोन डबे एकमेकांवर आपटून फुटले, तेव्हा बिंग फुटले. तोपर्यंत आमची शाळा पहिली होती आणि त्यावर एक अहवालही लिहून झाला होता.

शंकासुर

१०,००० या आकड्याला तरी वैद्यकीय आधार कुठे होता? १९६५ मध्ये जपानमध्ये ‘मानपो-केई’ नावाचे पावले मोजण्याचे यंत्र विक्रीला आले. त्या नावाचा अर्थच ‘दहा हजार पावलांचा मापक’ असा होतो. विक्रीसाठी घेतलेला गोल आकडा पुढे आरोग्याचा नियम झाला आणि शाळांनी तो निमूटपणे गिरवला.

मैदानकर

म्हणजे त्या संपूर्ण प्रकल्पात प्रकृती सुधारली ती फक्त चार डबे घेऊन धावणाऱ्याची. आणि तो आधीपासूनच धावत होता.

अर्धविराम

धाग्याचा विषय पावलांचा नव्हता. पण माझा मोजणीविषयीचा आक्षेप इतक्या चोख पुराव्यानिशी कोणी सिद्ध करून देईल, असे वाटले नव्हते.

मुलाखतकार

मी नोकरीसाठी येणाऱ्या नवख्या उमेदवारांच्या मुलाखती घेतो. युरोपास मोबिलिटीसारखी, म्हणजे परदेशी जाऊन काय शिकलो याची नोंद करणारी, प्रमाणपत्रे अधूनमधून समोर येतात. खरे सांगायचे तर मी ती बाजूला ठेवतो आणि ‘तिथे काय बिघडले?’ एवढेच विचारतो. बहुतेक जण ‘संघभावना वाढली’ असे पाठ केलेले उत्तर देतात. एक जण मात्र म्हणाला, ‘एका देशातील घड्याळ ऋतूनुसार तासभर सरकते आणि दुसऱ्यातील सरकत नाही, हे आम्हाला ठाऊक नव्हते. आम्ही रिकाम्या पडद्यासमोर तासभर बसलो. त्यानंतर प्रत्येक निमंत्रणात दोन्हीकडची वेळ लिहू लागलो.’ त्याला आम्ही घेतले. तेव्हा अर्धविराम, भागीदारीतून काहीच हाती लागत नाही, असे म्हणू नका. फक्त जे लागते, ते प्रमाणपत्रावर नसते.

अर्धविराम

बरे, मान्य. पत्र सुधारणारी मुलगी आणि घड्याळाने फसलेला मुलगा, या दोघांपुरती माघार घेतो. मात्र या दोन्ही गोष्टींना आरोग्य हा विषय लागला नव्हता, हेही नोंदवतो. मुलांनी नद्यांविषयी पत्रे लिहिली असती, तरी हेच घडले असते.

पाटीपेन्सिल

माघारही अटी घालून घ्यावी, ती तुमच्यासारखी! नद्यांविषयी लिहायला भूगोल यावा लागतो आणि मग वर्गातील तीच चार हुशार मुले पुढे सरसावतात. रात्री किती वाजता झोपलो आणि भूक केव्हा लागते, हे गुणपत्रिकेत तळाला असलेल्या मुलालाही ठाऊक असते. आरोग्य निवडले ते या कारणासाठी. तुमच्या अर्जाच्या सिद्धान्तात अंशतः तथ्य आहे, हे मी नाकारत नाही. अर्जातली भाषा आम्हालाही परकीच वाटली होती.

न्याहारीचा तक्ता दुबळा होता, हेही मान्य करते. पण आरोग्यसंवर्धनाविषयीच्या १९८६ च्या आंतरराष्ट्रीय ओटावा सनदेत आरोग्य हे माणसे जिथे शिकतात, काम करतात आणि खेळतात तिथे घडते, असे म्हटले आहे. त्या कसोटीवर आमच्या शाळेतच एक बदल झाला. भागीदार शाळेची मधली सुट्टी २५ मिनिटांची होती आणि आमची १० मिनिटांची. तिथून परतलेल्या मुलांनी आमच्याच भोजनकक्षात घड्याळ लावून पाहिले. रांगेतील शेवटच्या मुलाला बसून खायला तीन मिनिटे मिळत होती, आणि ती आम्हाला इतकी वर्षे दिसली नव्हती. आता आमचीही सुट्टी २५ मिनिटांची आहे, सातशेच्या सातशे मुलांसाठी.

अर्धविराम

हे लेखात पहिल्या परिच्छेदात का नव्हते? तिथे विमानतळावरचा गटफोटो होता.

मैदानकर

वाढीव १५ मिनिटे कोणत्या तासातून काढली?

पाटीपेन्सिल

पाच मिनिटे शेवटच्या तासातून काढली. उरलेली दहा खेळाच्या तासातून.

मैदानकर

आभारी आहे. एवढेच विचारायचे होते.